मागचा उजेड

ऑक्टोबर 2022 मधली गोष्ट. परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेची गोडी छाटणी होऊन 25 दिवस झाले होते. घड बाहेर पडलेले, पानं कोवळी. या अवस्थेत पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आलाच म्हणून समजायचं. आधी पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखे डाग, मग पानाखाली पांढरी बुरशी, आणि ती घडात शिरली की वर्षाची कमाई डोळ्यांदेखत गळून पडते. म्हणून पाऊस उघडला, पान निथळलं आणि वारा पडला की घड्याळ बघत बसायचं नसतं. छोट्या ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायचा आणि बागेत शिरायचं. त्या पंधरवड्यात आम्ही दिवसापेक्षा रात्रीच जास्त फवारलं.

त्या रात्री अकराच्या सुमाराला प्रेशर उतरलं. पंपाजवळची जाळी चोंदली असणार. मी ट्रॅक्टर उभा केला, गॅस कमी केला, पण इंजिन बंद केलं नाही. बॅटरी आधीच कमजोर होती. चिखलात, बागेच्या मधोमध ट्रॅक्टर बंद केला आणि पुन्हा चालूच झाला नाही तर टाकीतलं औषध तसंच राहणार, ही धास्ती. ब्लोअरचा शाफ्ट फिरवणाऱ्या पीटीओचा लिव्हरही मी काढला नाही. पुतण्या तेव्हा 19 वर्षांचा. तो मागे उतरला, एका हातात मोबाईलची बॅटरी धरून जाळी शोधायला वाकला. गळ्यात टॉवेल होता. त्याचं एक टोक खाली लोंबत होतं.

मला फक्त फर्रकन आवाज आला. मागे वळलो तर पोरगा मानेला हात लावून चिखलात बसलेला, मोबाईल पालथा पडलेला, आणि टॉवेल शाफ्टला गुंडाळून गरगर फिरतोय. टॉवेल नुसताच गळ्यात टाकलेला होता, वेढा दिलेला नव्हता, म्हणून सुळकन निघून गेला. पीटीओ कामाच्या वेगाला मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. मी गॅस कमी केला होता म्हणून निम्मे धरा. तेवढ्या वेळात माणसाचं काय होतं ते आमच्या भागात बघितलेली माणसं आहेत. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर मागच्या हंगामात फुटलं होतं. ते बदलायचं राहून गेलं होतं. तेही माझ्याकडूनच.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी पोराची मान निरखून बघितली. कातडीवर लाल पट्टा उठला होता. मग मला एवढंच म्हणाले, "दिसत नाही तिथं पोराला हात घालायला लावलास." त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी पहिलं काम शाफ्टच्या कव्हरचं केलं. दुसरं उजेडाचं.

आता कोणी म्हणेल, ट्रॅक्टरला मागे दिवा असतोच की. असतो. मडगार्डवर एक लहान दिवा कंपनी देते, नांगराची तासं दिसावीत म्हणून. पण 600 लिटरचा ब्लोअर जोडला की टाकी त्या दिव्याच्या तोंडासमोर येते. उजेड पडतो तो टाकीच्या निळ्या पत्र्यावर. खाली शाफ्ट, पंप, जाळी, सगळं टाकीच्या सावलीत. जिथं हात घालायचा तीच जागा सगळ्यात काळी.

मी घाई केली. तालुक्याच्या गावी एका दुकानातून दोन लांब एलईडी पट्ट्या आणल्या, एक बोनेटपुढे आणि एक मागे मडगार्डवर उंच बसवली. वायर हेडलाईटच्याच वायरीला पिळून जोडली. पहिल्या संध्याकाळी घरच्यांना उभं करून दाखवलं. अंगण दिवसासारखं उजळलं. बागेत गेल्यावर मात्र भलतंच झालं. आमचा मांडव डोक्याच्या जरा वर, खाली बोगद्यासारखी ओळ. ब्लोअर चालू झाला की तुषारांचा ढग त्या बोगद्यात तरंगत राहतो. उंचावरचा पांढराफेक उजेड त्या ढगावर आपटून सगळा डोळ्यांत परत येतो. धुक्यात गाडीची अप्पर लावल्यावर होतं तसं. ओळीच्या टोकाला वळून शेजारच्या ओळीत शिरलो की पुढेही तोच ढग. मी दोनदा खांबाला घासलो. शेवटी पट्ट्या बंद करून जुन्याच उजेडात फवारणी उरकली.

आठवडाभरानं ती वायर जळाली. मडगार्डच्या पत्र्याला भोक पाडून वायर ओवली होती, भोकात रबरी रिंग घातली नव्हती. हादऱ्यानं पत्र्याची धार वायरीचं प्लॅस्टिक कापत गेली आणि तांबं पत्र्याला टेकलं. मध्ये फ्यूज नव्हताच. सीटखालून धूर आला तेव्हा पुतण्यानं पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, म्हणून ट्रॅक्टर वाचला. डिझेलची टाकी तिथून दोन हातांवर.

मग पिंपळगावला ट्रकचं वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी जळकी वायर हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "भाऊ, तुम्हाला बघायचंय काय काय, ते आधी सांगा. दिव्यांचं मग बघू." मला कोणी असं विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी बोटांवर मोजलं: शाफ्ट आणि जाळी, प्रेशरचा काटा, दोन्ही बाजूंचे नोझल, आणि वळताना टोकाचा खांब. ते म्हणाले, "मग अंधार पडल्यावर मीच येतो. दिवसा बघून काही कळायचं नाही."

ते आले. सोबत एकच दिवा, त्याला लांब वायर आणि दोन चिमटे. चिमटे बॅटरीला लावले आणि दिवा हातात धरून ट्रॅक्टरभोवती फिरत राहिले. मी सीटवर बसून काय दिसतं ते सांगायचं. मडगार्डच्या वर धरला, डोळे दिपले. मडगार्डच्या आतून, चाकाजवळ, खाली तोंड करून धरला, तर शाफ्ट आणि जाळी तळहातासारखी दिसली आणि मला डोळ्यावर काहीच आलं नाही. मग त्यांनी मला ब्लोअर नुसत्या पाण्यावर चालू करायला सांगितला आणि दिवा ट्रॅक्टरच्या एका बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, आडवा धरला. ते मी जन्मात विसरणार नाही. पंख्याभोवतीच्या प्रत्येक नोझलचा फवारा अंधारात वेगळा उमटला, मोरपिसाऱ्यातली पिसं सुटी दिसावीत तसा. डावीकडे खालून तिसऱ्या जागी मात्र काळी फट होती. तो नोझल अर्धा चोंदलेला होता. दिवसा मला ते कधीच दिसलं नव्हतं. म्हणजे किती दिवस मी एका बाजूच्या घडांना अर्धंच औषध देत होतो, कोण जाणे.

एवढं सगळं झाल्यावर मग भोकं पाडली. आमच्या ट्रॅक्टरला वर आडवा बार नाही. मांडवाच्या तारांखालून जायचं तर तो चालत नाही. त्यामुळे उंच जागाच नव्हती, आणि आता वाटतं ते बरंच झालं. दिवे मडगार्डच्या कडेच्या आत बसवले, कारण बाहेर आलेली प्रत्येक वस्तू द्राक्षाची काडी ओढून नेते.

दिवे चार, 18 वॅटचे एलईडी. एका दिव्याला दीड अँपिअर, चारांना मिळून 6. जुन्या 55 वॅटच्या हॅलोजनचा एक दिवा एकटाच साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे कमजोर बॅटरीला हाच हिशोब झेपणारा होता. पुढचे दोन हळदीसारख्या पिवळ्या उजेडाचे घेतले. माझ्या डोळ्यांना तुषारात तो पांढऱ्यापेक्षा बरा वाटतो आणि चिलटंही कमी जमतात. बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज, म्हणजे पुढे कुठंही वायर टेकली तरी आग लागायच्या आधी फ्यूज उडावा. मग रिले. स्विचमधून फक्त रिलेला उठवण्यापुरता करंट जातो, दिव्यांचा भार जाड वायरीतून थेट. स्विच गरम व्हायचं कारणच उरत नाही. सगळी वायर नळीत घातली, प्रत्येक भोकात रबरी रिंग. अर्थिंगसाठी चासीवरचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर बोल्ट आवळला. जोडांवर ग्रीस. फवारणीच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आमच्या बागेत काहीच सोडत नाही. उघडा जोड महिन्याभरात हिरवा पडतो.

एक गोष्ट त्यांनी न विचारता केली. तीन दिवे चावीवर घेतले. चावी काढली की बंद, म्हणजे विसरून बॅटरी उतरायला नको. पण शाफ्टवरच्या दिव्याला वेगळा फ्यूज आणि वेगळा स्विच देऊन तो थेट बॅटरीवर घेतला. मी विचारलं, हा एकटा का? ते म्हणाले, "हा इंजिन बंद असतानाच लागणार आहे. चालू इंजिनावर तिथं कोणी जाऊच नये." त्यांना मी टॉवेलचं काही सांगितलं नव्हतं. जळकी वायर आणि नवं कोरं कव्हर बघून त्यांना कळलं असावं. बॅटरीही बदलायला लावली. दीड अँपिअरचा दिवा दहा मिनिटं जळला तर चांगल्या बॅटरीला त्याचं काही वाटत नाही, आणि बंद केलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू होईल हा भरवसा असला की माणूस बंद करतो. त्या रात्री मी बंद का केला नाही, याचं उत्तर दिव्यात नव्हतं, बॅटरीत होतं. हे मला त्यांनी शिकवलं.

मागचे दिवे बागेपुरते. डांबरीवर यायच्या आधी ते बंद करायचेच. मागून येणाऱ्या टोमॅटोच्या पिकअपवाल्याला पांढरा उजेड दिसला तर त्याला समोरून गाडी येतेय असं वाटतं. ब्लोअरच्या मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवलेत. आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे. ओळीच्या टोकाला वळताना पुढच्या पिवळ्या उजेडात बांधाच्या उसात एकदा दोन डोळे चमकलेले बघितलेत. त्या रात्री मात्र चारही दिवे लावून घरापर्यंत आलो.

26 नोव्हेंबर 2023 ला तालुक्यात गारपीट झाली. कित्येकांच्या बागा एका संध्याकाळी उघड्या पडल्या. आमच्या शिवारात गारा कमी आणि पाऊस जास्त, त्यामुळे बाग उभी होती, पण पानं आणि काड्या जागोजागी सोललेल्या. जखमेवर लवकर औषध बसायला हवं. त्या रात्री चिखलात जाणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या रात्री दहाला शिरलो. आता पुतण्या चालवत होता, मी ओळीच्या कडेनं मागून चालत होतो. आठव्या ओळीत उजवीकडच्या पिसाऱ्यात काळी फट दिसली. मी हातातली बॅटरी दोनदा उघडझाप केली.

ट्रॅक्टर थांबला. पीटीओचा लिव्हर पडल्याचा खट्ट आवाज आला. मग इंजिन बंद झालं आणि एकदम इतकी शांतता झाली की पानांवरून औषधाचे थेंब गळताना ऐकू येऊ लागले. तीन दिवे गेले. शाफ्टवरचा एकटा जळत राहिला. पुतण्यानं गळ्यातला टॉवेल काढला, स्टेअरिंगला अडकवला आणि मग खाली उतरला.