पिवळ्या पट्ट्याचं ऋण

एस.टी.च्या जुन्या लाल-पिवळ्या गाडीचं मॉडेल करायचं, तर खरी कसोटी त्या पिवळ्या पट्ट्याची. एस.टी.च्या बॉडीवर रिव्हेटांच्या रांगा असतात. पॉलिस्टायरीनच्या कडक प्लास्टिकवर त्या उठवल्या की मास्किंग टेप रिव्हेटांच्या डोक्यांवर तंबूसारखी ताणून राहते आणि खालून लाल रंग शिरतो. यावरचा उपाय मला रत्नागिरीत, माळनाक्याजवळच्या गॅरेजात गाड्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी दिला.

ते ना नात्याचे, ना शेजारचे. शाळा सुटल्यावर मी त्यांचं काम बघत उभा राहायचो, एवढीच ओळख. एकदा माझ्या हातातली बॉडी बघून म्हणाले, "टेप सरळ रेघेला. असल्या उठावाला चीक लाव." दोडामार्गाकडच्या रबराच्या बागेतला चीक त्यांच्याकडे बाटलीत होता, गोठू नये म्हणून अमोनिया घातलेला. आज छंदाच्या दुकानांत मिळणाऱ्या द्रव मास्किंगच्या बऱ्याच बाटल्यांत मुळात हेच असतं.

आधी पिवळा, मग लाल, हा क्रम त्यांचाच. लालवर पिवळा नीट झाकत नाही. पिवळा पुरता वाळला की ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवायचा, नाहीतर चीक केसांत गोठतो आणि ब्रश कामातून जातो. पट्ट्यावर चिकाचे दोन जाडसर हात द्यायचे. चीक ओला असताना दुधी दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. त्याआधी लालचा फवारा नाही. लालचे हात मात्र पातळच. तो हाताला लागेनासा झाला, पण अजून टणक झाला नाही, तेवढ्यात कड बोटाने चोळून चीक सोलायचा. उशीर केला तर रंगाची कड तुटून दातेरी होते. पिवळा ॲक्रिलिक असेल तर अमोनियाने तो सुटू शकतो. म्हणून त्याच रंगाच्या टाकाऊ तुकड्यावर आधी करून बघायचं.

पावसाळ्यात मात्र ते स्प्रेगनला हात लावू देत नसत. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, आपल्याकडच्या दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंग पांढरट पडतो. हे सारं त्यांनी मोठ्या माणसाला सांगावं तसं मला सांगितलं. हातात मजुरीचं काम असताना एका पोराच्या खेळण्यासाठी ते थांबत, याची किंमत तेव्हा कळण्याचं माझं वय नव्हतं. पूर्वजन्मीचं काही देणं-घेणं असतं म्हणतात. मला पूर्वजन्माचं ठाऊक नाही, पण या जन्मीचं माझं देणं स्पष्ट आहे.

काका आता नाहीत, आणि शिकवल्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. रत्नागिरीतल्या कुणा मुलाला वा मुलीला हे काम शिकायचं असेल, तर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की माझ्याकडे या. चीक, ब्रश, रंग माझे. तुम्ही फक्त बॉडी आणा.