वत्सगुल्माचा गाथाकार

‘दाक्षिणात्य’ हा शब्द आज वाशीममध्ये उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या मनात कृष्णेपलीकडचा प्रदेश उभा राहतो. तेथील संगीत, तेथील नृत्ये, तेथील गोपुरे. हा शब्द एके काळी वाशीमलाच लागू होता, याचे विस्मरण जवळजवळ संपूर्ण आहे. कामसूत्रावरील जयमंगला टीका वत्स आणि गुल्म या दोघा राजपुत्र भावांची हकिकत देते, ती दक्षिणापथातील म्हणून. राजशेखराची काव्यमीमांसा तर एक पाऊल पुढे जाते. तिच्यातील काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडतो आणि साहित्यविद्यावधू त्याची मनधरणी करीत मागोमाग हिंडते. पूर्वेकडे तो बधत नाही. पांचालात थोडा विरघळतो, अवंतीत अधिक. दक्षिणेत आल्यावर मात्र तो पुरता तिचा होतो. दोघांचा गांधर्वविवाह होतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. काव्याचे आणि साहित्यविद्येचे लग्न वाशीमला लागले, एवढी मोठी गोष्ट स्वतःच्या नावावर असूनही तिचा अभिमान न बाळगणारे गाव विरळाच.

भरताने नाट्यशास्त्रात चार प्रवृत्ती सांगितल्या. त्यांपैकी दाक्षिणात्या प्रवृत्तीचे त्याने केलेले वर्णन लक्षणीय आहे: या लोकांत नृत्त, गीत आणि वाद्य यांची विपुलता असते, कैशिकी वृत्ती त्यांना प्रिय असते, त्यांचा अभिनय चतुर, मधुर आणि ललित असतो. उत्तरेकडून पाहणाऱ्याला दक्षिण म्हणजे गाणारा देश वाटत होता, असा याचा सरळ अर्थ घेता येईल. त्या गाणाऱ्या देशातला, वत्सगुल्माच्या गादीवरचा कवी म्हणजे वाकाटक राजा सर्वसेन.

हा पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र. वत्सगुल्म शाखेचा संस्थापक. काळ इसवी सनाचे चौथे शतक. १९३९ मध्ये वाशीमला त्याच्या मुलाचा, विंध्यशक्तीचा, ताम्रपट सापडला आणि या स्वतंत्र शाखेचे अस्तित्व प्रकाशात आले. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या इतिहासाची जी घडी बसविली, तिच्यात सर्वसेनाला राजा म्हणून जागा मिळाली. कवी म्हणून त्याला जागा कोणी द्यायची, हा प्रश्न मात्र मराठी समीक्षेने स्वतःचा मानलेला नाही.

गाथासप्तशतीतील काही गाथा टीकाकारांनी सर्वसेनाच्या नावावर नोंदल्या आहेत. ‘गाथा’ म्हणजे मुळात गायची वस्तू. सातवाहनांच्या काळापासून गोदाकाठच्या प्राकृतात जी गाथा वाढली, तिची भाषा पुढे गाण्याचीच भाषा ठरली. भरताने ध्रुवागीतांसाठी शौरसेनी सांगितली होती. प्रत्यक्षात पारडे दक्षिणेकडे झुकले. संस्कृत नाटकातील कुलस्त्री बोलते शौरसेनीत, पण गाऊ लागली की महाराष्ट्रीत जाते. शाकुंतलाच्या प्रस्तावनेतील नटीचे गाणे आठवावे, किंवा पाचव्या अंकात पडद्याआडून येणारे हंसपदिकेचे. बोलणे एका प्रदेशाचे आणि गाणे दुसऱ्या प्रदेशाचे, असा हा संकेत आहे. विश्वनाथाने तो चौदाव्या शतकात नियम म्हणून लिहून ठेवला, तोवर गाणाऱ्या प्रदेशातले मूळ गाणे केव्हाच पालटून गेले होते.

सर्वसेनाने या गाण्याच्या भाषेत महाकाव्य रचले: ‘हरिविजय’. त्यासाठी त्याने निवडलेला स्कंधक हा छंद गाथेचाच थोरला भाऊ म्हणावा असा आहे. गाथेच्या पूर्वार्धात ३० मात्रा असतात, उत्तरार्धात २७. स्कंधकात दोन्हीकडे ३२. म्हणजे चार मात्रांचे आठ गण, दोनदा. गाथेचा उत्तरार्ध जेथे आखडतो तेथे स्कंधक पूर्ण पाऊल टाकतो, आणि दीर्घ कथनाला लागणारी सम चाल त्यामुळे हाती येते. अक्षरगणवृत्तात लघुगुरूंची जागा ठरलेली असते. मात्रावृत्तात ती हलती राहते आणि तालाला वाव मिळतो. दरबारी महाकाव्यासाठी हा छंद घेणाऱ्या कवीचे कान गाण्यावर पोसलेले असले पाहिजेत.

परंतु गाथेचे खरे ऋण छंदापेक्षा खोल आहे. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात एक मार्मिक मुद्दा मांडला आहे: मिळालेली कथा रसाला प्रतिकूल असेल, तर कवीने ती मोडावी आणि रसाला साजेशी नवी घडवावी. उदाहरणे तीन: कालिदासाचे प्रबंध, सर्वसेनाचे हरिविजय आणि आनंदवर्धनाचे स्वतःचे अर्जुनचरित. सर्वसेनाने नवे काय केले, हे अभिनवगुप्त लोचनात सांगतो. इतिहासग्रंथांत न आढळणारी गोष्ट त्याने केली. पारिजातहरण हे रुसलेल्या कांतेच्या अनुनयाचे अंग म्हणून मांडले. इंद्राशी झालेला संग्राम, स्वर्गातून आणलेला वृक्ष, हरीचा विजय, हे सगळे सत्यभामेच्या रुसव्याच्या सेवेला लावले. मानिनी आणि तिची समजूत काढणारा पुरुष हे गाथेचे अगदी घरगुती जग. तेथे नवरा पायाशी येतो, तिची सखी मध्यस्थी करते, शेजारीण हसते. त्या जगाचा न्याय राजा-कवीने देवांच्या युद्धाला लावला. नगर, ऋतू, सूर्यास्त, मद्यपान ही महाकाव्याची ठरलेली वर्णने त्यात होतीच. भोजाने त्यांची नोंद केली आहे. काव्याचा मध्यबिंदू मात्र घरातच होता. कुंतक सुकुमार मार्गाचे कवी म्हणून कालिदासाच्या शेजारी सर्वसेनाचे नाव ठेवतो, त्याचे कारण येथे शोधावे.

हे सारे ‘होते’ असे भूतकाळात लिहावे लागते, कारण हरिविजय आज उपलब्ध नाही. जे उरले ते समीक्षकांनी उद्धृत केले म्हणून उरले. वि. म. कुलकर्णी यांनी अलंकारग्रंथांतून त्याचे विखुरलेले श्लोक वेचून एकत्र केले. ज्यांनी ते जपले त्यांची ठिकाणे पाहावीत: आनंदवर्धन काश्मीरचा, भोज धारचा, हेमचंद्र गुजरातचा. कांचीचा दंडीही या काव्याचे स्मरण ठेवतो. विदर्भातला म्हणावा असा या मालिकेत कोणी नाही. देशीयतेची चर्चा मराठीत हिरिरीने झाली, स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्येच सप्तशती मराठी वाचकापुढे आणून ठेवली होती. तरी मराठी कवितेचा इतिहास यादवकाळापासून मोजायचा आणि प्राकृत दुसऱ्या विभागाकडे सोपवायचे, ही विद्यापीठीय सोय टिकून आहे.

सत्यभामा स्वतः मात्र दक्षिणेत नांदली. कृष्णदेवरायाच्या दरबारातील नंदी तिम्मनाने तेलुगूत ‘पारिजातापहरणमु’ लिहिले, आणि कुचिपुडीचे ‘भामाकलापम्’ तिच्याच मानावर उभे आहे. त्यांचा आणि सर्वसेनाचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा. दुवा दाखविता येत नाही. इकडे ग. दि. माडगूळकरांच्या, माणिक वर्मांनी गायिलेल्या भावगीतात तीच तक्रार घरोघरी पोचली: झाड एकीच्या दारी, फुले दुसरीच्या.

हेमचंद्राने हरिविजयासंबंधी आणखी एक नोंद ठेवली आहे. त्यातील गलितके, म्हणजे यमकांनी खेळणारी पद्ये, मूळ कवीची नव्हेत. स्वतःला विदग्ध मानणाऱ्या कोणीतरी ती मागाहून घुसडली, असे जाणकारांचे मत तो देतो. सेतुबंधाबद्दलही त्याचे हेच म्हणणे आहे. घुसडणारे हे लोक कोण असावेत? वाचक एवढी हिंमत सहसा करीत नाही, म्हणणारा करतो. कथा सांगता सांगता श्रोत्यांसाठी एखादे पद जोडणारा कीर्तनकार मराठी माणसाला अपरिचित नाही. हरिविजय असे मोठ्याने म्हटले जात असेल, तर हेमचंद्राच्या जाणकारांनी दोष म्हणून दाखविलेली ती पद्ये त्या काव्याच्या गाण्याचा उरलेला एकमेव पुरावा ठरतील.