उंबऱ्यात थांबलेला धोंडू

सहा वर्षं मी आणि माझी एक मैत्रीण आलटूनपालटून एकच गोष्ट लिहितो आहोत. मी परळच्या गिरणीतला साचेवाला धोंडू, ती खाणावळ चालवणारी सगुणा. साल १९२८, गिरणी संपाचं. एक परिच्छेद माझा, एक तिचा.

सुरुवातीलाच माझं चुकलं. दोन महिन्यांचे पैसे थकलेला धोंडू जेवायला येतो, असा प्रसंग होता. मी लिहून मोकळा झालो, ‘सगुणेनं काही न बोलता ताट वाढलं.’ मैत्रिणीनं विचारलं, ‘तिनं वाढलं, हे तू कसं ठरवलंस?’ खरंच की. सगुणेची चूल, तिचा हात, तिचा राग, सगळं मैत्रिणीच्या ताब्यातलं. मी ते वाक्य खोडून लिहिलं, ‘धोंडू उंबऱ्यात थांबला. चपला काढाव्यात की नाही, त्याला कळेना.’ आणि तिथंच थांबलो. तिचं उत्तर आलं: सगुणेनं ताटाला हातच लावला नाही, कळशी पुढं केली, ‘नळावर रांग लागायच्या आत भरून आण.’ तेव्हापासून धोंडू तिच्याकडे पाणी भरतो. ती कळशी मला एकट्याला जन्मात सुचली नसती.

आमच्या सिंधुदुर्गात दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, बाकी सगळं समोरच्याच्या शब्दाला शब्द देत उभं राहतं. समोरच्याला बोलूच न देणारा नट कितीही गोड गळ्याचा असो, खेळ पाडतो. कागदावर तर हा मोह जास्त, कारण लिहिताना समोरचा हजर नसतो. तरी कागदावरही हे साधतं: अमेरिकेत पॅट्रिशिया रीडी आणि कॅरोलाइन स्टीव्हरमर या लेखिकांनी कथानकाची चर्चा न करता पात्रांच्या नावानं एकमेकींना पत्रं लिहिली. त्यातून १९८८ साली कादंबरी झाली.

त्याहून अवघड म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं पात्राला कळू न देणं. एप्रिलात सुरू झालेला तो संप ऑक्टोबरात मिटला, हे मी वाचलेलं आहे. जूनमधला धोंडू मात्र उद्या भोंगा वाजेल म्हणून रोज पहाटे उठून बसतो. सगुणा मनातल्या मनात काय म्हणते तेही मी वाचतो. धोंडूला फक्त भांडं आपटल्याचा आवाज ऐकू येतो.

आणि सगुणा धोंडूला घालूनपाडून बोलते तेव्हा मैत्रीण मला बोलत नसते. हे पचायला मला वर्ष लागलं. आता मनात काही आलं की मी तिला सरळ फोन करतो; गोष्टीत उट्टं काढत नाही.

कुणाबरोबर लिहायला बसणार असाल, तर आधी तासभर बोला: काळ कोणता, कुणाचं पात्र कोणतं, कशाला हात लावायचा नाही, कुणाच्या मरणाला कुणाची परवानगी लागेल. शेवट मात्र ठरवू नका.