भाचीची अट

जुनी वस्तू भेट द्यावयाची झाली की देणाऱ्याच्या मनात आधी सौंदर्याचा विचार येतो, उपयोगाचा मागाहून. पुष्कळदा तो येतही नाही. रेशमी रुमालात बांधून देवघरात ठेवलेल्या पोथीचे आपण जे करतो, तेच. आमच्या भाचीने छायाचित्रणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला तेव्हा तिला सुट्या, मोठ्या फिल्मवर चालणारा जुना कॅमेरा द्यावा असे आम्ही उभयतांनी ठरविले. तिने एकच अट घातली : "मामा, कपाटावर ठेवायला नको हं. फोटो निघाले पाहिजेत." या एका वाक्याने आमचा बराचसा रसिकपणा निकालात निघाला.

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, लाकडी कॅमेरे आजही दिसतात. त्यांतले काही नव्याने घडवून जुने भासविलेले असतात. पितळ जास्तच चकाकत असेल तर सावध व्हावे. पण एका दुकानात खराखुरा हाफ-प्लेट कॅमेरा होता. मळकट तांबडा भाता, अंगठ्याच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेले स्क्रू. आमच्या वडिलांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, स्टुडिओत असाच कॅमेरा होता. तो घ्यावा, नातीच्या हाती द्यावा, आणि मध्ये गेलेली वर्षे पुसून टाकावीत, असा मोह आम्हाला झाला हे सांगितले पाहिजे.

मोहाच्या आड आली ती मापे. हाफ-प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. या मापाची फिल्म आज दुकानात सहज मिळत नाही. ४ × ५ इंचांची मात्र इल्फर्ड आणि कोडॅक दोघेही बनवितात. शिवाय प्लेट धरणारे होल्डर कॅमेऱ्यासोबत नव्हते, आणि होल्डरावाचून असा कॅमेरा म्हणजे शाईवाचून दौत. वडिलांनी स्वतःचा कॅमेरा १९७८ साली विकला होता. प्लेटा मिळेनात, गिऱ्हाईक थांबेना, तेव्हा जराही न हळहळता विकला. त्या दुकानात उभे असताना आम्हाला त्यांची ती कोरडी व्यवहारदृष्टी प्रथमच आदरणीय वाटली.

अखेर एका निवृत्त औद्योगिक छायाचित्रकाराकडे स्पीड ग्राफिक मिळाला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९१२ ते १९७३ या काळात बनलेला, वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा हा लाडका कॅमेरा. इवो जिमावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे १९४५ मधले जगप्रसिद्ध छायाचित्र जो रोझेंथालने याच जातीच्या कॅमेऱ्याने टिपले. दिसायला मात्र काळी ट्रंकच. खोलीत अंधार करून आम्ही भात्याच्या आत विजेरी धरली. घड्यांचे कोपरे आधी झिजतात, आणि तिथे चमकलेला प्रत्येक ठिपका पुढे फिल्मवर उतरतो. एक ठिपका चमकला. एका सेकंदावर लावलेले शटर दीड सेकंद रेंगाळले. जुने वंगण घट्ट झाले की मंद गती अशाच सुस्तावतात. ते साफ करता येते. मुंबईच्या दमट हवेत भिंगावर धरलेली बुरशी मात्र काचेला खात जाते, म्हणून भिंग उजेडासमोर धरून कितीतरी वेळ न्याहाळले. ते निर्मळ निघाले. सोबत सहा होल्डर होते, प्रत्येकात दोन फिल्म. आम्ही घासाघीस केली नाही.

या कॅमेऱ्याला दोन शटरे असतात : एक भिंगात, दुसरे फिल्मच्या पुढ्यात, कापडी पडद्याचे. या दुसऱ्यामुळे, ज्या भिंगाला स्वतःचे शटरच नाही तेही येथे चालते. वडिलांनी कॅमेरा विकला, पण त्याचे पितळी भिंग ट्रंकेत राहिले होते. झाकण काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि झाकण लावायचे, अशा रीतीने ते वापरीत. हाफ-प्लेटसाठी घडविलेले भिंग ४ × ५ ची चौकट सहज व्यापते. त्याच्यासाठी लेन्सबोर्ड तेवढा नवा करून घ्यावा लागला. आम्ही स्मृती विकत घ्यायला निघालो असतो तर हे भिंग कदाचित एखाद्या पेटीत काचेआड गेले असते.

एक शंका मात्र उरतेच. फिल्मचा एकेक ताव शेकड्यांच्या हिशेबाने पडतो, आणि जिची कमाई अजून सुरू व्हायची आहे तिला असा खर्चिक कॅमेरा देणे म्हणजे भेट देणे की ओझे देणे? आम्ही पंचवीस तावांचा एक खोका सोबत दिला. त्यातले दोन तिने अंधारात होल्डर भरण्याचा सराव करण्यात खर्ची घातले : कोपऱ्यातल्या खाचा बोटाने चाचपायच्या, त्या वर उजवीकडे आल्या की रासायनिक लेपाची बाजू आपल्याकडे. तिसऱ्या तावावर तिने मामीला खिडकीशी बसविले, आजोबांचे भिंग लावले, आणि काळ्या कापडाखालून ओरडून सांगितले, "मामी, हलू नकोस, उलटी दिसतेयस!" भात्याचा तो ठिपका तोवर काळ्या रंगाने बुजविला होता. तरीही निगेटिव्हच्या एका कडेला धूसर पट्टा आला आहे. तो भात्यातून आला की होल्डरातून, याचा शोध सध्या तिचा तीच घेते आहे.