आभाळाचे आठ भाग

आमचे थोरले काका हवामान निरीक्षक होते. नोकरी बाहेरगावी झाली. निवृत्त होऊन लहरीपुऱ्यातील वडिलार्जित घरी आले, तरी रोज सकाळी गच्चीवर जाण्याचा नेम सुटला नाही. न्यायमंदिरापासून मांडवीपर्यंत मान फिरवून ते खाली येत आणि काकूंना आकडा सांगत, ‘आज तीन.’ पापड वाळत घालायचे की नाही, ते त्यावर ठरे.

आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती ढगांनी झाकले, त्याचा हा अंदाज. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे पूर्ण आच्छादित. धुक्याने आकाशच दिसेना, तर नऊ. त्यातही बारकावा असा की, कापसाच्या पुंजक्याएवढा ढग असला तरी शून्य लिहावयाचे नाही, एक लिहावयाचा. आणि कोठे वीतभर फट असली तर आठ नव्हे, सात. रात्री डोळे अंधाराला सरावू देऊन, लपलेल्या ताऱ्यांवरून अदमास घ्यावा लागे. उंचीसाठी प्रकाशझोत सरळ वर सोडीत आणि ढगावरील ठिपक्याचा कोन दूर उभे राहून मोजीत.

आता अनेक विमानतळांवर हे काम यंत्र करते. लेसरचा स्पंद ढगाच्या तळावरून परतावयास किती वेळ लागला, यावरून उंची निघते. दीड हजार मीटरवरील ढगाला सेकंदाचा एक लाखांश भाग पुरतो! मात्र यंत्राची नजर डोक्यावरील एका ठिपक्यापुरतीच. म्हणून काही स्वयंचलित केंद्रांत अर्ध्या तासातील नोंदी जुळवून साऱ्या आकाशाचा हिशेब करतात. वाऱ्याने ढग सरकत येतील, हे त्यात गृहीत. ते हललेच नाहीत, तर बाजूची फट यंत्राला दिसावी कशी?

हे ऐकून काका सुखावतील, अशी आमची समजूत. ते बोलले यंत्राच्याच बाजूने. क्षितिजालगतचे ढग एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात, त्यामुळे माणूसही आकडा फुगवतो, म्हणाले. ‘शिवाय त्याला झोप येत नाही. मी रात्रपाळ्या केल्या आहेत, बाबा.’

पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. गच्चीवर आम्ही जाऊ लागलो.

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. धाकटी बहीण विश्वामित्रीकाठच्या वस्तीत अडकलेली, फोन लागेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गच्चीवर जाऊन आलो आणि ‘आठ’ म्हणालो.

‘नीट पाहिलेस? कोठेच फट नाही?’

आम्ही पुन्हा जिना चढलो.