जुन्या मोटारीचे पाणी

रसायनशास्त्राच्या तासास 'दुष्फेन पाणी' हा धडा आला, की वर्गातील कित्येकांचे डोळे मिटू लागतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणास फेस येत नाही, एवढे पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरविले, म्हणजे त्या धड्याशी आपला संबंध संपला, अशी आपली समजूत असते. परंतु हाच धडा एखाद्या वृद्ध स्त्रीस कसारा घाटात भर उन्हात तासभर दगडावर बसावयास लावू शकतो. ती स्त्री माझी आई होय.

माझ्याजवळ एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 साली 'फियाट 1100 डिलाइट' ह्या नावाने हिचा वंश सुरू झाला आणि 1974 साली त्यास 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या शेवटच्या टॅक्सीने 2023 च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला. माझी मोटार ज्या गृहस्थांकडून आली, ते तिला वर्षानुवर्षे आपल्या विहिरीचेच पाणी पाजीत असत.

आईस दरमहा औषधोपचारासाठी मुंबईस न्यावे लागते. ज्या घाटात 37 फुटांस 1 फूट असा चढ असल्यामुळे आगगाड्यांस मागून जादा इंजिने लावितात, त्याच घाटात उन्हाळ्यातील एका परतीच्या प्रवासात आमच्या मोटारीच्या उष्णतामापकाचा काटा तांबड्या खुणेस टेकला व पुढून वाफ निघू लागली. आई शांतपणे म्हणाली, "बाळा, तिला निवू दे, मग जाऊ." तिने यंत्रशास्त्र कधी शिकले नाही, तरी त्याचा पहिला नियम तिने सांगितला. रेडिएटरचे झाकण आतील दाब धरून ठेविते, म्हणून पाणी 100 अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. तापलेल्या यंत्राचे झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी उसळून हात व तोंड भाजून काढते.

पुढील शनिवारी नववीतील दोन विद्यार्थी मजबरोबर कामास लागले. यंत्र पूर्ण थंड होते. रेडिएटरची खालची तोटी सोडताच विटेच्या रंगाचे पाणी वाहू लागले. तोंडाशी जमलेली पांढरी खपली एकाने काढून तीवर लिंबाचा रस पिळला, तो ती फसफसू लागली. "सर, हा तर कार्बोनेटचा प्रयोग!" असे तो ओरडला. खरेच होते. दुष्फेन पाणी तापले, की त्यातील क्षार नळ्यांच्या आतील बाजूस बसतात. पाणी फिरते, पण त्या किटणामुळे त्याची उष्णता बाहेरील हवेस पोहोचत नाही.

मग मोटारींसाठी मिळणारे सौम्य आम्लाचे द्रावण भरून यंत्र चालविले. वरची रबरी नळी तापेपर्यंत थांबावे लागते, कारण थर्मोस्टॅट नावाची झडप 80 ते 90 अंशांच्या सुमारास उघडते, आणि तोवर यंत्रातील पाणी रेडिएटरकडे येतच नाही. यंत्र निवल्यावर ते द्रावण सोडले. नंतर रेडिएटरच्या नळ्या सोडवून पाण्याची धार नित्याच्या उलट दिशेने, म्हणजे खालून वर, सोडली. पाणी काचेसारखे येईपर्यंत हा क्रम चालला. मुले तिसऱ्या खेपेसच "झाले" म्हणत होती. स्वच्छ पाणी सातव्या खेपेस आले.

अखेर ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट समभाग मिसळून सावकाश भरले. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी 98 अंशांसच उकळते. हे मिश्रण त्याहून बरेच वर तग धरते आणि गंजासही आवर घालते. झाकण न लाविता यंत्र चालवून आतील हवेचे बुडबुडे निघू दिले आणि उणी पडलेली भर घातली.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड, पण मूत्रपिंडांचा नाश करणारे विष आहे. वाटीभर सांडलेले चाटूनही कुत्रे मरते. गटारात ओतले तर ते नासर्डीतून गोदावरीस मिळावयाचे. म्हणून असे द्रव बदलताना डब्यात भरून, 'विष' अशी चिठ्ठी लावून, मुलांच्या हातांपासून दूर ठेवावे व ते योग्य रीतीने नष्ट करू शकणाऱ्यांच्याच स्वाधीन करावे.

त्यानंतर आम्ही तीन वेळा मुंबईस जाऊन आलो. काटा मध्यावरून हालला नाही. मागील खेपेस आईने इगतपुरीस डोळे उघडून विचारले, "घाट केव्हा लागणार?" घाट तर केव्हाच मागे पडला होता.