यतीविना श्वास

नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. पहिल्या तिन्हींत हाताचे काम प्रधान आहे. तार छेडावी, चामडे थापावे, धातूवर धातू आपटावा. सुषिर तेवढे निराळे. ते पोकळ आहे, आणि वाजवणाऱ्याने स्वतःच्या छातीतले काही दिल्याशिवाय ते बोलत नाही. संगणकावर आम्ही जे क्लॅरिनेट वाजवतो, ते या चौकटीत कोठे बसवावे, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळतो आहे. त्याला पोकळी नाही, छिद्रे नाहीत, रीड नाही. त्यात श्वास मात्र आहे. तो आमचा नाही. कोणा अनाम वादकाने कोठल्यातरी शांत खोलीत मायक्रोफोनपुढे बसून एकेका सुरासाठी घेतलेला आणि सोडलेला तो श्वास आहे.

साहित्याच्या अध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. गेली काही वर्षे आम्ही हौशी नाट्यमंडळींसाठी आणि काव्याच्या अभिवाचनांसाठी पार्श्वसंगीत रचतो. अशा प्रयोगांच्या अंदाजपत्रकात वादकांसाठी फारसे काही उरत नाही. म्हणून संगणक, एक छोटी कळपट्टी आणि सॅम्पल केलेल्या वाद्यांचा एक संग्रह एवढ्यावर आमचे वाद्यवृंद उभे राहतात. या साधनाची रचना जसजशी कळत गेली, तसतसे आम्हांला ते संगीतापेक्षा भाषेच्या जवळचे वाटू लागले.

सॅम्पलचा संग्रह म्हणजे मुळात एक शब्दकोश. वादकाकडून प्रत्येक सूर सुटा वाजवून घेतात: एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा जोरात, एकदा लांबवून, एकदा तोडून. कळ किती जोमाने दाबली याचे मोजमाप मिडी नावाच्या १९८३ सालच्या संकेतप्रणालीत शून्य ते १२७ अशा आकड्यांत होते, आणि त्या आकड्यानुसार संगणक योग्य ध्वनिमुद्रण निवडतो. एकच सूर लागोपाठ वाजवला तर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकू येऊन यंत्राचे बिंग फुटते. म्हणून त्याच सुराची दोन-चार रूपे आळीपाळीने वापरतात. पर्यायी शब्दांची ही सोय कोणाही लेखकाला ओळखीची वाटेल.

पण कोशातले शब्द ओळीने मांडले म्हणजे वाक्य होत नाही. सा वाजला, मग रे वाजला, एवढ्याने सा-रे होत नाही. दोहोंच्या मधला सांधाही वाजावा लागतो. हे ओळखून या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना सिम्फनिक लायब्ररीसारख्या संग्रहकर्त्यांनी सुरांबरोबर सुरांमधली संक्रमणेही ध्वनिमुद्रित करायला घेतली: या सुरावरून त्या सुरावर जाताना ध्वनीला जे होते, तेवढाच तुकडा, शक्य त्या सर्व जोड्यांसाठी. आमच्या मते ही सरळसरळ संधी आहे. दोन वर्ण जवळ आले की दोघांचेही रूप बदलते, हे आपल्या व्याकरणाने फार पूर्वी नोंदवले. संगणकाला ते हजारो तुकडे साठवून शिकावे लागले.

या साधनाचे पूर्वज पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १९६३ साली इंग्लंडात मेलोट्रॉन नावाचे वाद्य बाजारात आले. त्याच्या प्रत्येक कळीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे आणि त्यावर खऱ्या वाद्याचा एकेक सूर मुद्रित केलेला असे. बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या आरंभी जी बासरी ऐकू येते, ती या फितींवरची. फीत सुमारे आठ सेकंदांची असे. तेवढ्यात ती संपे आणि कळ सोडून तिला मागे जाऊ द्यावे लागे. म्हणजे त्या यंत्रालाही दम लागत होता. पुढे डिजिटल सॅम्पलर आले आणि सुराचा मधला भाग पुन्हापुन्हा फिरवण्याची, म्हणजे ‘लूप’ करण्याची, युक्ती रूढ झाली. अशी बासरी वा क्लॅरिनेट बोट उचलेपर्यंत, वाटल्यास रात्रभर, वाजत राहते. श्वास जतन झाला, आणि त्याला असलेला अंत तेवढा गळून पडला.

हे आमच्या लक्षात आणून दिले ते एका क्लॅरिनेटवादकाने. लग्नाच्या बँडमध्ये उभी हयात घालवलेले हे गृहस्थ. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आम्हीही म्हणतो. एका अभिवाचनासाठी केलेली सुरावट आम्ही त्यांना मुद्दाम ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, “सर, सूर चोख आहेत. पण हा बाबा श्वास कधी घेतो?” मग आपले वाद्य जुळवून त्यांनी तीच सुरावट वाजवून दाखवली. आमच्या एका लांब ओळीचे त्यांनी तीन तुकडे केले. पहिल्या तुकड्याच्या शेवटी सूर किंचित क्षीण झाला, दुसरा नव्या जोमाने उठला, आणि तिसऱ्याच्या आधी त्यांनी नुसतीच हवा आत ओढली ती आम्हांला ऐकू आली. ओळीला अर्थ आला तो तेथे.

वृत्तशास्त्रात याला नाव आहे: यती. मंदाक्रांतेची सतरा अक्षरे चार, सहा आणि सात अशी तुटतात. तेथे विसावा घेतला नाही तर अक्षरगण बिनचूक असूनही मंदाक्रांता मंद चालीने चालत नाही. वर्गात यती शिकवताना आम्ही ती नियम म्हणून शिकवतो. मास्तरांची छाती वरखाली होताना पाहून वाटले की, नियम होण्यापूर्वी ती एक शारीरिक अडचण असावी. म्हणणाऱ्याला दम लागतो. कवीने ती अडचण ओळीत सामावून घेतली आणि तिचे सौंदर्य झाले. ज्या वाद्याला दमच लागत नाही, त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला ही अडचण बाहेरून आणावी लागते. तेव्हापासून आम्ही सुरावट आधी स्वतः गुणगुणून पाहतो. जेथे आमचा दम संपतो, तेथे संगणकातही जागा सोडतो, जागेच्या आधीचा सूर थोडा उतरवतो, नंतरचा थोडा चढवतो.

मिडीच्या कर्त्यांना श्वासाचा विसर पडला होता असे मात्र नाही. त्यांच्या नियंत्रक-क्रमांकांत दोन हा क्रमांक श्वासासाठीच राखलेला आहे, आणि नळीत फुंकून तो चालवण्याची उपकरणेही मिळतात. त्यामुळे फुंकीचा दाब संगणकापर्यंत पोहोचतो. फुंक संपली आणि आता आत घ्यावी लागणार, ही आर्तता त्या आकड्यात मावत नाही. ती फुंकणाऱ्यापाशीच राहते. मर्यादा आणखीही आहेत. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडीच्या १२८ वाद्यांच्या यादीत ११२व्या क्रमांकावर ‘शनाई’ आहे, ७८व्यावर जपानी शाकुहाची आहे; बासरीचे नाव नाही. असते तरी सुट्या सुरांचा कोश तिला कितपत पुरा पडला असता? आपल्या रागसंगीतात सूर हे मुक्कामाचे ठिकाण जितके, तितकीच ती वाट आहे. मींडेचा प्रत्येक क्षण कोशात घालायचा म्हटले तर कोशाचीच मैफल करावी लागेल.

वॉल्टर बेंजामिनच्या १९३६ सालच्या प्रसिद्ध निबंधात यांत्रिक प्रतीमुळे मूळ कलाकृतीभोवतीचे तेज विझते, असा विचार आहे. येथे प्रकार थोडा विचित्र आहे. आमची सुरावट त्या अनाम वादकाने कधीच वाजवली नाही. त्याने केवळ अक्षरे दिली, वाक्य आमचे. ही मूळ नसलेली प्रत आहे. त्याला मानधन मिळाले असेल, करारही झाला असेल. पण आपल्या श्वासाने आपण पुढे काय काय बोललो, हे त्याला कधी कळणार नाही. आणि जो कळू शकला असता, समोर बसून आक्षेप घेऊ शकला असता, त्या मास्तरांची खुर्ची रिकामी राहते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ सालच्या ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथात स्टुडिओंतल्या वादकांच्या त्या जगाचा उदय आणि अस्त तपशिलाने आला आहे.

आमच्या अभिवाचनाचा पहिला प्रयोग मास्तरांनी वाजवला; पुढचे सगळे संगणकाने, त्यांनी दाखवलेल्या जागी थांबत. त्यांना एका प्रयोगाचे आणि एका दिवसाच्या शिकवणीचे मानधन देता आले. पत्रिकेवर ‘श्वासरचना’ या शब्दापुढे त्यांचे नाव छापले. त्यांनी ते कौतुकाने वाचले, आणि शांतपणे विचारले, “म्हणजे पुढच्या प्रयोगांनाही मीच वाजवतोय म्हणायचं, की नाही?” या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नाही, वृत्तशास्त्रातही नाही. यती कोणाची आहे एवढे आम्ही सांगू शकतो. तिचे मोल किती आणि ते किती वेळा द्यावे, हे ठरवण्याची रीत अजून कोठे लिहिली गेलेली नाही. तोवर एक पथ्य आम्ही आपल्यापुरते घालून घेतले आहे: ज्या प्रयोगात एकाच वादकापुरते पैसे असतील, तेथे कळपट्टी मिटून ठेवायची, आणि जेथे नसतील, तेथे निदान मास्तरांना ऐकवल्यावाचून एकही लांब ओळ पक्की करायची नाही.